डबा आणि लिफाफा

धर्मगुरूच्या दाराशी माणसे कोणकोणते प्रश्न घेऊन येतील याची कल्पना सेमिनरीत असताना आम्हांला कोणी दिली नव्हती. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांची शिदोरी पाठीशी बांधून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा लोक आत्म्याच्या काळज्या घेऊन येतील अशी आमची समजूत होती. आले ते बांधाचे तंटे, विहिरीच्या पाण्याचे वाटे, मुलांच्या नोकऱ्या आणि सासूसुनांची भांडणे घेऊन. त्यांचीही पुढे सवय झाली. परंतु २०२५ च्या जून महिन्यात, पहिला पाऊस पडून गेलेल्या एका संध्याकाळी, धर्मग्रामातील एक बागायतदार आपल्या लेकीला घेऊन पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "फादर, लॅपटॉप कोणता घ्यावा?" तेव्हा मात्र आम्ही क्षणभर गोंधळलो.

गृहस्थांची वसईच्या पट्ट्यात सोनचाफ्याची छोटी बाग आहे. पहाटे फुले खुडायची, पानांत बांधायची आणि पहिल्या गाड्यांनी दादरला पाठवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. मुलीला मुंबईच्या एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. महाविद्यालयाने सांगितले की लॅपटॉप स्वतःचा हवा. आईने हातातल्या दोन बारीक बांगड्या मोडल्या आणि एक लाख पाच हजार रुपये उभे राहिले.

"दुकानदार म्हणतो, ऑफिसवाल्यांचा घ्या, दगडासारखा आहे. पोरगी म्हणते, तो नको, दुसराच हवा. तुम्ही ऑफिसात रोज कॉम्प्युटरवर बसता. तुम्ही सांगाल तो घेऊ," ते म्हणाले. मुलगी खाली मान घालून बसली होती. तिची निवड ठरलेली होती, आणि ती आम्हांला विचारायला आलेली नसून बापाच्या समाधानासाठी आलेली होती, हे आमच्या ध्यानात आले. आमचेही मत ठरलेले होते. तिने तोंड उघडण्यापूर्वीच आम्ही दुकानदाराच्या बाजूचे होतो. त्याचे कारण सांगायचे तर आम्हांला आमच्याच एका अपराधाची हकीकत सांगावी लागेल.

२०१९ साली आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीसाठी लॅपटॉप घेतला. पॅरिश कौन्सिलने पैसे मंजूर केले आणि निवड आमच्यावर सोपवली. आम्ही मुंबईच्या एका मोठ्या दुकानात गेलो व तिथल्या काचेखाली जो सर्वांत पातळ, सर्वांत हलका आणि सर्वांत देखणा दिसला तो उचलून आणला. चंदेरी रंग, कडा सुरीच्या पात्यासारख्या. सामान्य ग्राहकांसाठी बनवलेल्या यंत्रांतला तो उंची प्रकार होता. कचेरीच्या शिसवी टेबलावर तो ठेवला तेव्हा पाहुण्यांनी त्याकडे पाहावे असे आम्हांला वाटत असे. खोटे कशाला बोला?

त्या लॅपटॉपवर एका निवृत्त मास्तरांनी एक मोठे काम अंगावर घेतले. आमच्या चर्चच्या जुन्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आहेत. पाने तपकिरी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या, अक्षर लॅटिन आणि हस्ताक्षर नाना धर्मगुरूंचे. लग्नाच्या वेळी, पासपोर्टाच्या वेळी, कधी वारसाच्या दाव्यात, लोक उतारा मागायला येतात आणि दर वेळी पान उलटताना त्याचा एखादा तुकडा आमच्या हातात राहतो. मास्तर म्हणाले, हे सारे टंकून ठेवू, म्हणजे वहीला हात लावावा लागणार नाही. लॅटिन आम्ही वाचून दाखवायचे, मास्तरांनी टंकायचे. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते कळफलक शिकले. आठवड्यातून तीन संध्याकाळी ते येत. चौदा महिन्यांत तीन हजार चारशेच्या वर नोंदी झाल्या: बाळाचे नाव, आईबापाचे नाव, धर्मपित्याचे, धर्ममातेचे, गावाचे, धंद्याचे. किती बाळे आठवड्याच्या आत गेली, तेही समासात लिहिलेले असे. मास्तर तेही टंकीत.

२०२१ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, नोंदवही नीट दिसावी म्हणून दिवा ओढून घेताना आमच्या कोपराचा धक्का चहाच्या पेल्याला लागला. पेला पुरता भरलेला होता. चहा थेट कळफलकावर गेला. आम्ही यंत्र उलटे केले, पंचाने पुसले, तांदळाच्या डब्यात ठेवले, जे जे लोक सांगतात ते ते केले. तो पुन्हा सुरू झाला नाही.

दुरुस्ती केंद्रात आम्हांला जे समजले ते आम्ही खरेदीच्या दिवशीच विचारायला हवे होते. त्या पातळ यंत्रात माहिती साठवणारी पट्टी वेगळी नव्हतीच. साठवणीचे तुकडे मुख्य मंडलावर, म्हणजे मदरबोर्डवरच, डाग देऊन पक्के केलेले होते. मंडल गेले की त्याच्याबरोबर साठाही गेला. वर ती सारी माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद होती आणि कुलपाची किल्ली त्याच मेलेल्या मंडलावर होती. मुंबईतील एका जाणकाराने पंधरा दिवस प्रयत्न केला व हात टेकले. पेनड्राइव्हवर आम्ही पहिल्या दोन महिन्यांची प्रत काढून ठेवली होती. पुढच्या बारा महिन्यांची काढली नव्हती. ते काम आमचे होते, मास्तरांचे नव्हते.

हे त्यांना सांगायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते ओटीवर बसून होते. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही आहे ना जाग्यावर? मग सोमवारी येतो." आणि ते आले. पण तोवर डोळ्यांतला मोतीबिंदू वाढला होता, एका डोळ्याची शस्त्रक्रिया नीट साधली नाही, आणि काम पूर्वीच्या निम्म्या गतीनेही होईना. २०२३ च्या चाळिसाव्यात, म्हणजे उपवासकाळात, ते वारले. तेव्हा दुसऱ्या खेपेच्या नोंदी नऊशेच्या घरात होत्या.

तर, वाचकहो, बागायतदारांनी प्रश्न विचारला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती ओटी होती. आम्ही त्या मुलीला ठामपणे सांगितले, "बाळ, देखणेपणावर जाऊ नकोस. ऑफिसातल्या लोकांसाठी करतात तो घे."

त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही या विषयाचा बराच पाठपुरावा केला होता. पश्चात्तापाने माणूस अभ्यासू होतो. या दोन जातींच्या यंत्रांचा उगम पाहिला की त्यांच्या स्वभावातला फरक आपोआप उलगडतो. ऑफिसवाल्यांच्या लॅपटॉपांत ज्याचे नाव प्रथम घ्यावे तो थिंकपॅड. आयबीएम कंपनीने तो १९९२ साली बाजारात आणला. 'थिंक', म्हणजे विचार करा, हे त्या कंपनीचे जुने बोधवचन. कर्मचाऱ्यांच्या खिशातल्या टिपणवहीवरही ते छापलेले असे आणि नाव तिथूनच आले. त्याचे रूप रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराने ठरवले, आणि जपानी जेवणाचा काळा लाखेचा डबा, ज्याला तिकडे बेंतो म्हणतात, तो त्याच्या कल्पनेच्या मुळाशी होता असे सांगतात. बाहेरून साधा काळा चौकोन, आणि झाकण उघडले की आत सारे नीट खणांत मांडलेले. कळफलकाच्या मधोमध कुंकवाच्या टिकलीएवढा एक लाल बिंदू, बोटाने दर्शक हलवायला. २००५ साली आयबीएमने हा सारा व्यवसाय लेनोवो या चिनी कंपनीला दिला, तरी डबा काळाच राहिला आणि टिकलीही टिकली. आमच्या हाती असलेल्या काळ्या बांधणीच्या प्रार्थनापुस्तकाशी त्याचे नाते आहे असे आम्हांला वाटते, पण हा आमचा पक्षपात म्हणून सोडून द्यावा.

दुसऱ्या जातीचा जन्म एका लिफाफ्यातून झाला. २००८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्ज यांनी कचेरीत वापरतात तसा पिवळसर कागदी लिफाफा हातात घेतला आणि त्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. सभागृह हर्षाने दुमदुमले. लिफाफ्यात मावण्यासाठी त्यातून बरेच काही काढून टाकलेले होते: तबकडीचा खण नव्हता, जोडणीची भोके जेमतेम, मेमरी मंडलावर पक्की केलेली आणि बॅटरी वापरणाऱ्याला बदलता न येणारी. त्या दिवसापासून उंची ग्राहक-लॅपटॉपांच्या साऱ्या जगाला पातळपणाचे वेड लागले. हे वेड कुठवर जावे? २०१५ पासून त्याच कंपनीने इतका उथळ कळफलक बसवला की धुळीच्या कणानेही कळ अडू लागली. २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०२० पर्यंत तो कळफलक रद्द करून जुन्या धर्तीवर परत यावे लागले.

डब्याचे तसे नाही. डबा विकत घेणारा आणि डबा वापरणारा हे दोन वेगळे असतात, आणि सगळे रहस्य त्यातच आहे. बँकेने किंवा कारखान्याने एका वेळी हजार यंत्रे घेतली की ती काचेखाली कशी दिसतात याला महत्त्व राहत नाही. तीन वर्षांत किती बंद पडतील, बंद पडलेले किती तासांत उभे राहील, त्यासाठी माणूस आपल्या दारी येईल की आपण त्याच्या दारी जायचे, हे प्रश्न खरेदीदार विचारतो. म्हणून अशा यंत्राची पाठ साध्या पेचांवर उघडते. साठवणीची पट्टी बहुधा वेगळी असते. मंडल जळाले तरी ती काढून दुसऱ्या यंत्रात घालता येते, कुलपाची किल्ली जपून ठेवलेली असली म्हणजे झाले. दुरुस्तीची पुस्तिका कंपनी स्वतः सर्वांसाठी खुली करते. बऱ्याच यंत्रांच्या कळफलकाखाली पाणी वाहून जायला पन्हळ आणि भोके असतात, जशी आपल्या कौलारू घरांना असतात. ती चहा प्यायला दिलेली परवानगी नव्हे; साखर आत राहिली की ती आपले काम सावकाश करतेच. पण यंत्र बंद करून माहिती वाचवायला जी पाच मिनिटे लागतात, ती मिळण्याची आशा असते. मास्तरांच्या बारा महिन्यांना ती पाच मिनिटे पुरली असती.

दुकानदार मात्र यांतले काही सांगत नाही. तो सांगतो, "फादर, हा मिलिटरीने पास केलेला आहे." या वाक्यापासून सावध राहावे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची मिल-एसटीडी-८१० नावाची चाचण्यांची एक संहिता आहे. उष्णता, थंडी, दमटपणा, वाळू, धक्के अशा अनेक चाचण्या तीत आहेत. चार फुटांवरून सव्वीस वेळा खाली पाडण्याची चाचणीही आहे, पण ती लाकडी फळीवर पाडून घेतात आणि सव्वीस आपटण्या पाच नगांपर्यंत वाटून घ्यायची मुभा आहे. मुख्य गोष्ट अशी की लष्कर कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि कशा, हे कंपनी स्वतः ठरवते. आणि हल्ली ग्राहकांच्या चकचकीत लॅपटॉपांवरही ही अक्षरे छापलेली असतात.

'व्यवसायासाठी' या शिक्क्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. डब्यांतही उच्चनीच आहे. एकाच कंपनीच्या काळ्या यंत्रांत स्वस्त मालिका वेगळी आणि खरी मालिका वेगळी. थिंकपॅडच्याच घराण्यातल्या एक्स-वन कार्बन या महाग आणि पातळ भावाची मेमरी मंडलावर पक्की असते, तर टी-चौदा या जाड भावाच्या २०२४ च्या आवृत्तीत मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढता-घालता येतात. डेल कंपनीने तर २०२५ च्या आरंभी आपली लॅटिट्यूड आणि एक्सपीएस ही जुनी नावे बाजूला ठेवून 'डेल', 'डेल प्रो' अशी नवी बारशी केली आणि गिऱ्हाइकांची वाट चुकवली. तेव्हा नावावर न जाता पाठ उघडून आत काय सुटे आहे आणि काय पक्के आहे हे विचारावे, इतके ज्ञान आम्ही संपादन केले होते, आणि ते सारे त्या संध्याकाळी मुलीसमोर रिते केले.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, "फादर, एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघू या का? तुम्हीपण या."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे निघालो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण संगणकाच्या व्यवहारात ते कोणी घेत नाही. दुकानांच्या रांगा, पदपथावर तारांची भेंडोळी, पावसाने वर ताणलेले प्लास्टिक. आपले येथील तरुण पोरगे यंत्राची पाठ अशा सहजतेने उघडतात की जणू शहाळे सोलीत आहेत.

मुलीने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्यावर तिने एकच छायाचित्र आणले होते: वडिलांच्या ओंजळीतली सोनचाफ्याची फुले, पहाटेच्या उजेडात. दुकानदाराच्या परवानगीने तिने ते आम्ही सुचवलेल्या काळ्या यंत्रावर उघडले आणि त्याच्या शेजारी मॅकबुक एअरवर.

काय झाले हे आम्ही शब्दांत कसे सांगावे? काळ्या यंत्रावर फुले फिकट हळदीच्या पाण्यासारखी दिसत होती. वडील पुढे वाकले. आयुष्यभर त्यांनी या फुलाचा रंग पहाटे अंधारात नुसत्या सवयीने ओळखला आहे; कोणते आज उमलेल आणि कोणते उद्या, हे ते पाकळीच्या पिवळेपणावरून सांगतात. ते म्हणाले, "हा शिळा चाफा." मग शेजारच्या पडद्याकडे बोट करून, "हा आजचा."

यात जादू काही नव्हती. ऑफिससाठी यंत्रे घेणारा गिऱ्हाईक तक्ते आणि पत्रे पाहतो. त्याला रंगांची पर्वा नसते, म्हणून स्वस्तातल्या नगांना कंपन्या असा पडदा लावतात की तो रंगांच्या एका जुन्या मापाचा, एनटीएससीचा, जेमतेम पंचेचाळीस टक्के भाग दाखवतो. छापण्यासाठी वा पडद्यासाठी चित्र करणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही. डब्यांतही उत्तम पडदा मिळतो, पण तो मागवून घ्यावा लागतो, किंमत वाढते, आणि तिथे दुकानात एक लाख पाच हजारांच्या आत असा नग नव्हता. उलट लिफाफ्याच्या वंशातील त्या यंत्राचा पडदा छायाचित्रकारांच्या उपयोगाच्या मापाने बनवलेला. आत पंखा नाही त्यामुळे घरघर नाही. वजन सव्वा किलोच्या आतबाहेर, आणि एकदा भरल्यावर दिवसभर चालणारी बॅटरी. वसई ते चर्चगेट उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीच्या खांद्याला तीन-चारशे ग्रॅम कमी होणे म्हणजे काय, हे ज्यांनी विरार लोकल पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

आम्ही तरीही अडून राहिलो. आम्ही म्हणालो, त्यातही साठा मंडलावर पक्का आहे, मेमरी पक्की आहे, उद्या काही झाले तर? आवाज आमचा थोडा चढला असावा, कारण दुकानातले दोघे वळून पाहू लागले. मुलगी म्हणाली, "फादर, मास्तरांचे काम लॅपटॉप पातळ होता म्हणून गेले की प्रत नव्हती म्हणून?"

तिला ती हकीकत ठाऊक होती. मास्तर तिच्या आजीचे मावसभाऊ लागत, हे आम्ही विसरलो होतो. या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चार वर्षे ठाऊक होते, आणि चार वर्षे आम्ही ते यंत्राच्या पातळपणाखाली झाकून ठेवले होते. दुसऱ्यांचे कबुलीजबाब ऐकण्याचा ज्याचा व्यवसाय आहे, त्याला लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात एका अठरा वर्षांच्या मुलीने आपला ऐकवावा, हे काही वाईट झाले नाही. आम्ही म्हणालो, "प्रत नव्हती म्हणून."

मग आम्ही तिच्या बाजूने बसून हिशेब केला. विद्यार्थिनी म्हणून काही सवलत मिळाली. सर्वांत कमी साठ्याचा नग घेतला आणि वाचलेल्या पैशांतून बाहेर जोडायची वेगळी साठवण-पेटी घेतली, कारण कंपनी आतल्या साठ्याच्या वाढीव मापाला जी किंमत लावते ती पाहून बागायतदार आमच्याकडे बघून हसले. अशी नफेखोरी त्यांना दादरच्या दलालांकडून परिचयाची होती. अपघाती मोडतोडीचे संरक्षणही घेतले. त्यात तोटा आहे असे काही जाणकार म्हणतात. ज्यांच्या घरी मोडायला आणखी दोन बांगड्या आहेत त्यांच्यापुरते ते खरे असेल. घरी परतताना गाडीत वडिलांनी ते खोके मांडीवर दोन्ही हातांनी धरले होते. खाली ठेवा म्हटले तरी ठेवले नाही.

कचेरीसाठी मात्र आम्ही डबाच घेतला, आणि तोही जुना. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपली यंत्रे एकगठ्ठा काढून टाकतात. ती साफ होऊन याच रस्त्यावर मूळ किमतीच्या एका अंशाला विकायला येतात. त्यात फसगतही पुष्कळ आहे. मूळ कंपनीचे कुलूप न काढलेले यंत्र पुन्हा स्वच्छ केले की तिचाच परवलीचा शब्द मागते. म्हणून पैसे देण्यापूर्वी समोर नव्याने सुरू करून पाहावे. विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढता येतो; मूळ क्षमता किती आणि आता किती उरली, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे यंत्र, दुकानदार फुकट देतो म्हणाला तरी, कचेरीसाठी घेऊ नये. विंडोज दहाचे नित्याचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज अकरा त्याहून जुन्या यंत्रांना आपले म्हणत नाही. आमचा चार वर्षांचा काळा डबा या सर्व परीक्षांत उतरला. त्याच्या कळा सुमारे दीड मिलिमीटर खाली जातात. टंकताना बोटाला उत्तर मिळते. पडदा फिका आहे, पण लॅटिनला रंग लागत नाही.

आता ती मुलगी दर शनिवारी संध्याकाळी येते. आम्ही वाचतो, ती टंकते. मास्तरांच्या नऊशे नोंदींच्या पुढून आम्ही सुरुवात केली, आणि पहिल्या खेपेत त्यांनी केलेल्या ज्या नोंदी गेल्या त्या आता परत करीत आहोत. काही नावांपाशी आम्हांला त्यांचा आवाज आठवतो. एका धर्मपित्याच्या नावापुढे धंदा म्हणून एक लॅटिन शब्द आहे, तो लागत नव्हता. मास्तरांनी तेव्हा त्यावर आठ दिवस डोके खाजवून 'ताडी उतरवणारा' असा अर्थ लावला होता. तो कसा लावला हे आम्हांला आता आठवत नाही. आम्ही तसाच लिहिला.

काम संपले की ती एक प्रत बाहेरच्या पेटीत घालते आणि दुसरी वेगळ्या पेटीत. पहिली आमच्या कपाटात राहते; दुसरी ती जाता जाता कॉन्व्हेंटमधील सिस्टरांकडे देते, आणि सिस्टर वहीत तारीख लिहून सही घेतात, जशी गॅस सिलिंडरची घेतात. चहा आम्ही पडवीत घेतो.